बिघडलेला जॉब कुणाच्या खात्यावर?

कोल्हापूर जिल्ह्यात लक्ष्मी टेकडीपाशी महामार्ग सोडला की कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. एका अंगाला कागल, दुसऱ्या अंगाला हुपरी. मधे कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली. किर्लोस्करांची ऑइल इंजिनं इथं तयार होतात, रेमंडचं सुती कापड इथं निघतं आणि सुटे भाग करणारी मशीनशॉप आसपास आहेतच. हातानं शिकायला यापेक्षा चांगली जागा कुठं मिळणार? तरीही यळगूडचा, मुरगूडचा डिप्लोमावाला पोरगा फाइल काखोटीला मारून गेटवरून परत फिरतो. कारण एकच. अनुभव नाही.

अनुभव गेटच्या आत मिळतो आणि मागितला जातो गेटच्या बाहेर.

यावर उपाय म्हणून प्रशिक्षणांचा धडाका सुरू आहे. कौशल्य विकास कार्यशाळा, व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा, उद्योजकता जागृती शिबिर. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. तोवर अकरा वाजतात. मग सव्वाशे पोरांपुढं स्लाइड फिरतात. दुपारी मसालेभात. जेवणानंतर डोळे मिटू नयेत म्हणून फुगे फोडायचा नाहीतर कागदाचा मनोरा रचायचा खेळ. शेवटी आभार, फोटो, प्रमाणपत्र. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एकाही पोराच्या हाताला ग्रीस लागत नाही.

याला अनुभवातून शिक्षण म्हणायचं?

सगळा दोष कॉलेजांच्या माथी मारूनही चालणार नाही. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात कौशल्यवाढीचे किती उपक्रम घेतले, त्यांचा लाभ किती विद्यार्थ्यांना झाला, हे आकड्यांत सांगावं लागतं. पुरावा म्हणून अहवाल, हजेरीपत्रक, फोटो. मग प्राचार्य काय गोळा करणार? अहवाल, हजेरीपत्रक, फोटो. कुणाला काय करता येऊ लागलं, हे विचारणारा रकाना ठळक असता तर हेच प्राचार्य पोरांना घेऊन लेथवर उभे राहिले असते.

जे मोजाल तेच होणार.

औद्योगिक भेटीचंही तसंच. एका बसमधून पन्नास-साठ पोरं, सोबत दोन सर. पिवळ्या पट्ट्याच्या आतून चालायचं, कशाला हात लावायचा नाही. मशीनच्या आवाजात सुपरवायझर घसा फोडून सांगतो, ते पुढच्या सहा जणांना ऐकू जातं. मागचे मोबाइल बघतात. नंतर चहा-बिस्किटं, गेटसमोर फोटो, आणि आठवड्याभरात एकाच झेरॉक्सवरून उतरलेले साठ अहवाल. कंपनीची स्थापना कधी झाली, हे साठही जणांनी लिहिलेलं असतं. जॉब चकमध्ये कसा धरतात, हे एकालाही सांगता येत नाही.

आता एक परीक्षा घेऊन बघा. पोराला विचारा, व्हर्निअरचा लीस्ट काउंट किती? उत्तर खटकन येतं, ०.०२ मिलिमीटर. तीन वर्षं घोकलेलं असतं. मग हातात व्हर्निअर आणि नुकताच टर्न केलेला जॉब द्या. पोरगा कडेला राहिलेली धातूची बर न काढताच जबडे लावतो. अंगठ्यानं गच्च दाबतो. किंचित तिरकं धरतो. तोच जॉब तीनदा मोजतो आणि तीन मापं सांगतो. यातलं खरं कोणतं, असं विचारलं की तो आपल्याकडंच बघतो.

लीस्ट काउंट पेपरात विचारतात. दाब किती द्यायचा, हे कुणी विचारत नाही.

मायक्रोमीटरला त्यासाठी रॅचेट असतं. ते टिकटिकलं की थांबायचं. पुढं पिळलात तर मापन खोटं. हे सांगायला दहा सेकंद लागतात. बोटांत मुरायला चारशे-पाचशे जॉब लागतात. मधलं अंतर कोणती स्लाइड भरून काढणार?

फाउंड्रीत तर हे आणखी उघड दिसतं. मोल्डिंगची वाळू तयार आहे की नाही, हे मेस्त्री मूठभर वाळू दाबून बघतो. गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत. गोळा मोडला की कड धारदार तुटली पाहिजे, भुगा होता कामा नये, आणि तळवा ओला राहता कामा नये. ग्रीन सँडमध्ये ओल साधारण तीन-चार टक्के लागते. जास्त झाली तर तापलेला रस आत येताच वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो-होल राहतात. कमी झाली तर साच्याची कड ढासळते. ओल मोजायचं उपकरण असतं आणि ते वापरलंच पाहिजे. मुठीवर सगळा भार टाका, असं कुणी म्हणणार नाही. पण उपकरणाचा आकडा आणि मुठीतला गोळा यांची सांगड पोराच्या डोक्यात बसायची तर रोज वाळूत हात घालावा लागतो. सकाळी एकदा, दुपारी ऊन चढल्यावर एकदा, पावसाळ्यात वेगळा, उन्हाळ्यात वेगळा.

स्लाइडवरची वाळू बाराही महिने सारखीच असते.

अमेरिकी अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं. आधी काम करा, मग काय घडलं ते तपासा, त्यातून नियम काढा, तो नियम पुढच्या कामात लावून बघा. आज जवळपास प्रत्येक प्रशिक्षक हे चक्र चार रंगांत दाखवतो. चक्राची सुरुवात कामानं होते, हे दाखवता दाखवता कामच वगळतो.

आणि कोल्हापूरला हे बाहेरून शिकवायची गरज तरी काय? बाबूराव पेंटरांचं आडनाव मिस्त्री. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच हातानं घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर तयार झाले, आणि १९२९ मध्ये त्यांनी याच गावात ‘प्रभात’ उभी केली. शांतारामांनी तिथं सामान उचलण्यापासून पडद्यावर उभं राहण्यापर्यंत सगळं केलं. त्यांना प्रमाणपत्र कुणी दिलं?

प्रमाणपत्र पडद्यावर दिसलं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरचीही हीच गोष्ट. शेतीपंपाची ऑइल इंजिनं, ओतकाम, सुटे भाग. एकाच्या दुकानात शिकलेला पोरगा पुढं स्वतःचा लेथ टाकतो, त्याच्याकडं आणखी दोन शिकतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि मग कागल, या सगळ्या वसाहतींना हात पुरवणारी पहिली शाळा तीच.

पण त्या जुन्या शाळेच्या आठवणी काढून गहिवरायचं कारण नाही. तिथं पोरगा दोन वर्षं झाडू मारायचा, चहा आणायचा आणि मेस्त्रीची पाठ बघायचा. मेस्त्री खुबी झाकून ठेवायचा. आपली गरज संपेल ही भीती त्याला असायचीच. चूक झाली की पान्याचा फटका. कुणाला शिकवायचं, हे नात्यावर आणि जातीवर ठरायचं. जो टिकला तो तरबेज झाला. जे टिकले नाहीत त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

म्हणजे प्रश्न हात विरुद्ध पुस्तक असा नाहीच. हातही हवा, वहीही हवी.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १८८७ मध्ये ते जन्मले कुंभोजला, याच हातकणंगले तालुक्यात. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहातली पोरं शेतात राबायची, स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी अभ्यासाला बसायची. १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज काढलं, तेही ‘कमवा आणि शिका’ या पायावर. हे श्रमाचं कौतुक करायला म्हणून नव्हतं. पोराच्या हाताला आणि पोटाला जे कळतं ते डोक्याला लवकर कळतं, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता.

पुतळे जागोजागी आहेत. हिशेब तेवढा मागं पडला.

तोच आता मांडू. मशीनशॉपमध्ये एका पाळीत समजा ऐंशी जॉब काढायचे आहेत. मेस्त्रीच्या हाताखाली नवा पोरगा दिला. मेस्त्री त्याला ऑफसेट कसा टाकायचा ते दाखवतो. पोरगा वजा चिन्ह विसरतो. टूल जॉबमध्ये घुसतं, इन्सर्टचा तुकडा उडतो, जॉब बाद. सेटिंग पुन्हा करण्यात अर्धा-पाऊण तास जातो. संध्याकाळी ऐंशीचे अडुसष्ट झालेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत सुपरवायझर विचारतो, कालचं रिजेक्शन किती?

काल पोराला काय आलं, असं तो कधीच विचारत नाही.

सगळी मेख या एका बैठकीत आहे. मेस्त्री मूर्ख नाही. शिकवलं की उत्पादन घटतं, उत्पादन घटलं की इन्सेंटिव्ह बुडतो, वर बोलणी. मग तो पोराला म्हणतो, “बाळा, तू नुसतं बघ. हात लावू नगंस.” आणि पोरगा सहा महिने नुसतं बघतो. कंपनी म्हणते प्रशिक्षण दिलं, कॉलेज म्हणतं प्रशिक्षण झालं, पोरगा म्हणतो प्रशिक्षण घेतलं. तिघांचंही कागदावर खरं.

मशीन अजून मेस्त्रीच चालवतोय.

सरकारी योजनांत पैसा नाही असं नाही. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, केंद्र उचलतं. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. त्याच वर्षी केंद्राच्या अर्थसंकल्पात मोठ्या ५०० कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना इंटर्नशिप देण्याची घोषणा झाली, महिना ५ हजार रुपये. हे पैसे पोराच्या खात्यावर जावेत, त्यात वाद नाही. त्याचं बसचं तिकीट आणि डबा त्यातूनच सुटतो.

पण मेस्त्रीच्या तासांचं काय? फुटलेल्या इन्सर्टचं काय? बाद जॉबचं काय?

शिकण्यात बिघडवणं आलंच. बिघडवण्याचा खर्च कुणीतरी आधी कबूल केला नाही, तर शिकणं होणारच नाही. पोराला हात लावू न देणं हाच सगळ्यांना सोयीचा मार्ग ठरतो. राज्याच्या योजनेत आधी सहा महिने ठरले, मग मुदत अकरा महिन्यांवर गेली. ती संपल्यावर प्रशिक्षणार्थी नोकरीत कायम करा म्हणून रस्त्यावर उतरले. त्यांचं तरी काय चुकलं? हातात विकता येण्याजोगं कसब असतं, तर आंदोलन कशाला करावं लागलं असतं?

मुदत वाढवून कसब वाढत नाही.

कायदाही आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर कंत्राटी धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्यानं किमान पाच घ्यायचे, तीसपर्यंत घेता येतात. आता पाचांवर थांबायचं की तिसांपर्यंत जायचं, हे मालक कशावरून ठरवतो? शिकाऊ म्हणजे डोकेदुखी वाटत असेल तर पाच. शिकाऊ म्हणजे स्वस्त हात वाटत असतील तर तीस.

दोन्हीकडं पोराचं शिकणं हिशेबात नाही.

हे स्पष्ट बोलायलाच हवं. शिकाऊ उमेदवार कामगार नसतो, असं कायदाच सांगतो. तो शिकायला आलेला असतो. त्याला पहिला आठवडा बर काढायला लावा, अवश्य लावा. कड कशी असते ते बोटांना कळतं. पण वर्षभर फक्त बर काढून घेत असाल, नाहीतर पॅकिंगला, लोडिंगला उभा करत असाल, तर तुम्ही त्याचं एक वर्ष चोरलं. वरून त्याला ‘ट्रेनी’ असा बिल्ला दिल्यानं चोरी लहान होत नाही.

पालकांनाही दोन शब्द. पोरानं फाउंड्रीत जाऊ नये, हाताला काळं लागतं, एसीत बसायचं काम बघ, हा घरोघरचा सल्ला. मग भट्टीपाशी, साच्यापाशी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला तरुण उभा राहतो आणि तीन वर्षांत पक्का कारागीर होतो. तो कुणाचंही हिसकावत नाही. जी जागा आपण नाक मुरडून सोडली, ती त्यानं घेतली. आपला पोरगा मात्र तेवढ्या वेळात चौथ्या स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरतोय.

काळं साबणानं जातं. गेलेली वर्षं कशानं परत येणार?

नव्या शैक्षणिक धोरणानं आता हा विषय कारखान्याबाहेरही आणला. पदव्युत्तर पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, चार क्रेडिट, १२० तास. कल्पना उत्तम. एम.कॉम.ची पोरगी १२० तास कुठं जाते? बहुतेक वेळा ओळखीच्या दुकानात. पहिल्या दिवशी पत्र, शेवटच्या दिवशी शिक्का, मधे काहीच नाही. अहवाल मैत्रिणीच्या दादाचा, नाव बदललेला.

आणि तिला शिकण्याजोगं वसाहतीत किती पडलंय! कोगनोळी आली की कर्नाटक. निपाणी इथून हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं. कागलहून शंभर किलोमीटरपलीकडं कराडच्याही पुढं माल पाठवला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी; निपाणीला पाठवला तर आयजीएसटी. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत ५० हजारांवर गेली तर ई-वे बिल लागलंच. गाडी नंबर चुकला, बिलावरचा पत्ता आणि माल उतरवायचा पत्ता वेगळा निघाला, तर ट्रक रस्त्यात अडतो आणि ड्रायव्हर डिस्पॅचला फोन लावत बसतो. हे पुस्तकात अर्ध्या पानात आहे. डिस्पॅचच्या टेबलावर पाठोपाठ चार दिवस बसलं की जन्मभर विसरत नाही. एखाद्या कारखान्यानं एका पोरीला सलग पंधरा दिवस त्या टेबलाशी बसवावं, दहा बिलं तिच्याकडून करून घ्यावीत, चुकलेली तिच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावीत. तेवढ्यातच १२० तास भरतात.

शिक्क्याला दोन सेकंद लागतात, म्हणून शिक्का लोकप्रिय आहे.

इंजिनिअरिंगचे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट हा तर उघडा बाजार. मॉडेल तयार, अहवाल तयार, स्पायरल बाइंडिंगसकट. विकत घेणारी पोरंही असतात, विकणारी दुकानंही असतात, आणि तोंडी परीक्षेत न विचारणारे परीक्षकही असतात. वसाहतीत अमुक कास्टिंगला तमुक ठिकाणीच भोकं का पडतात, हा प्रश्न अनेक फाउंड्र्यांपुढं रोज उभा असतो. चार पोरांनी सहा महिने त्याच्यामागं लागावं. वाळूची ओल लिहावी, ओतण्याचं तापमान लिहावं, कोणत्या पाळीत जास्त कास्टिंग बाद जातात ते लिहावं. उत्तर सापडलं नाही तरी नोंदी कशा ठेवायच्या आणि कारण कसं शोधायचं, हे हाती लागेल. अभ्यासाचं कसब याहून वेगळं काय असतं?

प्रश्न फुकट मिळत असताना पोरं उत्तर विकत घेतात.

नवख्यांना कामावरच शिकवायची वेळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेवरही आली होती. जाणते कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं भरली. १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम निघाला आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली ती नवख्यांना नव्हे, मेस्त्र्यांना. काम कसं करायचं हे मेस्त्रीला येतच होतं. दुसऱ्याला कसं द्यायचं, ते येत नव्हतं. दहा तासांचा वर्ग. माणसाची तयारी करून घ्या, काम टप्प्याटप्प्यानं दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि त्यानं ते का केलं हे त्याच्याच तोंडून ऐका, मग अधूनमधून येऊन तपासा. शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवलंच गेलं नाही, हे त्यांचं सूत्र. युद्धानंतर जपाननं ते उचललं, आणि टोयोटात ते आजही मुरलेलं आहे.

आपण पोरांसाठी शंभर कार्यशाळा घेतो. मेस्त्र्यांसाठी किती?

लांब जायचं नसेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघा. डॉ. श्रीनाथ कालबागांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती शिकली ती गावाची खरी कामं, मोबदला घेऊन, करून देत. पैसे मोजलेला गावकरी हा परीक्षक म्हणून फार कडक असतो. जोडलेलं गेट लागलं नाही तर तो गुण कापत नाही, परत येऊन दुरुस्त करायला लावतो.

तीही दुरुस्ती अभ्यासक्रमातच धरलेली होती. इथंच फरक पडतो.

मग कागलमध्ये काय करता येईल? बरंच, आणि फार खर्च न करता. बाद झालेलं कास्टिंग शेवटी जातं कुठं? पुन्हा भट्टीत. वीज, वाळू, मजुरी बुडते. लोखंड बुडत नाही. मग वितळवण्याआधी ते चार दिवस शिकाऊ पोरांच्या मशीनखालून जाऊ द्या. फेसिंग करू दे, भोक पाडू दे, आटे पाडू दे, बिघडू दे. बिघडलेल्या जॉबचा चुरा आणि उरलेला तुकडा, दोन्ही वितळतात. हुपरीतला पैंजणकारागीर घरच्या पोराला चांदीवर हात बसवू देतो, कारण चुकलेली चांदी पुन्हा आटवता येते. लोखंडाला तेवढंच औदार्य दाखवायला काय हरकत आहे?

जुना लेथ किंवा उत्पादनातून काढलेलं व्हीएमसी मशीन भंगारात न घालता कोपऱ्यात उभं करा. एकेका कारखान्याला जमत नसेल तर आठ-दहा जणांनी मिळून एक शेड घ्या. त्या शेडला टार्गेट नको. लाल इमर्जन्सी बटण कुठं आहे, ते डोळे मिटून दाबता येतं का, पहिला दिवस एवढ्यालाच द्या. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, हातातलं कडं, बोटातली अंगठी मशीनपाशी चालत नाही, हे बोटं शाबूत आहेत तोवर सांगा.

मेस्त्रीचे आठवड्यातले चार तास शिकवण्याचे म्हणून पत्रकात लिहा आणि तेवढं टार्गेट त्याच्या नावावरून कमी करा. त्याच्या हाताखालचा पोरगा एकट्यानं जॉब काढू लागला की त्या दिवशी मेस्त्रीला रोख बक्षीस द्या. पुढच्या पाळीपासून तो खुबी झाकून ठेवणं बंद करतो की नाही, ते बघा.

पाळी संपल्यावर पोराला पंधरा मिनिटं आणि एक वही द्या. आज काय बिघडलं, का बिघडलं, उद्या काय करणार. पाच ओळी, मराठीत. मशीनचा पॅनल इंग्रजीत असला म्हणून पोराचा विचारही इंग्रजीत व्हायला हवा, हा हट्ट सोडा. आधी कारण कळू दे; त्या कारणाचं इंग्रजी नाव दोन दिवसांत पाठ होतं. महिन्यानं त्या वहीची पानं कॉलेजातल्या सरांनी चाळावीत. त्यासाठी सरांनाही वसाहतीत यावं लागेल, पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडं.

प्रमाणपत्र कशावर द्यायचं? एक ड्रॉइंग, एक तुकडा, दोन तास. नंतर गेज लावायचा. ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू अडली पाहिजे. तिथं आमदारांचं पत्र चालत नाही, प्राचार्यांचा फोन चालत नाही, कोऱ्या पेपरावरचे कृपांक चालत नाहीत.

राहिली एक गोष्ट, आणि ती कुठल्याच परिपत्रकात ठळक दिसत नाही. पॉलिटेक्निकच्या वर्गात आता मुलीही आहेत. मशीनवर त्यांचा हात कुठंही कमी पडत नाही. पण शिकाऊ म्हणून घ्यायची वेळ आली की विचारलं जातं, दुसऱ्या पाळीला त्या घरी कशा जाणार? प्रश्न रास्त आहे. तो मुलींना विचारणं रास्त नाही. कसबा सांगावची नाहीतर रेंदाळची पोरगी रात्री वसाहतीच्या रस्त्यावर वडाप जीप शोधत उभी राहणार आहे का? शेडमध्ये स्वच्छतागृह आहे का, त्याला आतून कडी आहे का, रस्त्यावरचे दिवे लागतात का? चार कारखान्यांनी मिळून एक बस सोडली तर कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, यळगूड, हुपरी, रेंदाळ या गावांचा फेरा होतो. बसचं भाडं कुणी किती उचलायचं, हे मालकांच्या पुढच्याच बैठकीत ठरवा. कार्यशाळेची तारीख त्यानंतर घ्या.